टाकीमागची शीळ

सत्काराच्या दिवशी सकाळी आमच्या पोरानं, डेनिसनं, बापाचं गवत कापून टाकलं. टेक्ससमधल्या आमच्या रँचवर यंदाच्या दुष्काळात तेवढा एकच पट्टा उभा होता. गाड्या तिथेच लावायच्या होत्या, आणि गाडीखालच्या धुराच्या तापलेल्या नळीनं सुकं गवत पेटतं, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून यानं ट्रॅक्टर फिरवला. पण उरलेसुरले लावे पक्षी त्याच गवतात होते.

माझ्या नवऱ्यानं, अल्विननं, या लाव्यांपायी जन्मभर हसं करून घेतलं. शेजारी गुरं वाढवायचे, हा कुरणं मोकळी ठेवायचा. "काय वहिनी, लाव्याचं दूध किती निघतं?" असं मला भर चर्चबाहेर विचारायचे. आता त्यांचीच पोरं पाखरं कशी राखायची ते याच्याकडून शिकून गेली, आणि सत्कार म्हणून रँचवर त्याच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं. दगडाचं त्याला काही नव्हतं. एकदा शीळ घालावी आणि लाव्यानं उत्तर द्यावं, एवढ्यासाठी तो दवाखान्यातून येणार होता. पुन्हा घरी आणता येणार नाही, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं.

मी आणि डेनिस दुपारपर्यंत निवडुंगातून शीळ घालत हिंडलो. माझे ओठ फुटले. एक पाखरू बोललं नाही.

"आई, बाबांना सांगू नकोस गं," डेनिस रडकुंडीला आला.

"त्यांना डोळे आहेत, गाढवा!"

अल्विनला चाकाच्या खुर्चीवरून आणलं, नाकात नळी. कापलेल्या गवताकडे त्यानं बघितलं आणि मान फिरवली. भाषणं झाली, दगडावरचं कापड काढलं. मग त्यानं हात वर केला, माणसं गप्प झाली. त्यानं शीळ घातली, निम्मी नुसती हवाच. उत्तर नाही. पुन्हा घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागून उत्तर आलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. डेनिसची खुर्ची रिकामी होती.

अल्विननं मला जवळ ओढलं. "म्हातारे, लहानपणापासून शिकवतोय, शेवटचा सूर अजून चढत नाही याचा."

"चिडू नकोस रे."

"चिडून काय करू? पाखरं गेली."

त्याचे डोळे भरले होते. त्यानं श्वास गोळा केला आणि पुन्हा शीळ घातली. टाकीमागून पुन्हा उत्तर आलं, मध्येच फुटलेलं. पाहुणे जेवून उठेपर्यंत तो थांबला नाही, आणि पोरालाही त्यानं थांबू दिलं नाही.