तक्रार नसेल तर फुकट

मिनेसोटातल्या टोरविक गावात तक्रार करायची पद्धतच नाही. वादळाने घराचं छप्पर उडालं तेव्हा आल्बिन होवलंड आभाळाकडे बघत म्हणाला होता, "उजेड बरा येतो आता." अशा गावाला विम्याने वर्षाकाठी एक तपासणी फुकट दिली होती. अट एवढीच, की दुखण्याचा विषय काढायचा नाही. दुखतंय म्हणालात की तो उपचार, आणि त्याचे पैसे तुमचे. गेल्या वर्षी गावातला डेल्मार तपासणीनंतर शर्ट चढवता चढवता नुसतं "कोपर जरा..." म्हणाला आणि घरी दोनशे चाळीस डॉलरचं बिल आलं. बिचाऱ्याचं वाक्यसुद्धा पुरं झालं नव्हतं!

बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एकसष्ट वर्षांच्या व्हर्लिनला हे पाठ होतं. पण तीन आठवडे झाले, दारातला बर्फ उपसताना त्याच्या छातीवर कुणी ऐरण ठेवल्यासारखं व्हायचं. तो फावड्याला टेकून उभा राहतो, हे त्याची बायको आर्डिस खिडकीतून बघत होती.

"आज डॉक्टरला सांगणार आहेस ना?" दवाखान्याच्या दारात तिने विचारलं.

"बघू."

"बघू नाही. नाहीतर मीच आत येईन."

"ये. म्हणजे दोघांचं बिल लागेल."

आत डॉक्टर नायगार्डबाईंनी कागद पुढे ओढला. "काही त्रास?"

"तसं वाईट नाही."

"छाती? धाप?"

व्हर्लिनने भिंतीवरच्या आतड्यांच्या चित्राचं तोंडभरून कौतुक केलं. मग हळूच म्हणाला, "डॉक्टर, माझ्या पिकअप गाडीबद्दल विचारलं तर चालेल? फुकटात?"

"विचारा की."

"चढ आला की दमते हो. पुढच्या बाजूला आवळल्यासारखं होतं. डाव्या चाकाला मुंग्या येतात."

बाईंनी चेहरा हलू दिला नाही. "थांबवली की बरं वाटतं तिला?"

"दोन मिनिटांत."

"घाम?"

"बॉनेट भिजतं."

"आणि तिचा बाप कशाने गेला?"

 व्हर्लिन म्हणाला, "अशानेच. बावन्नाव्या वर्षी. वाईट नाही, वाईट नाही म्हणत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "व्हर्लिन, गाडीच्या छातीला मला वायरी लावता येत नाहीत. तुम्ही स्वतः म्हणालात असं लिहिलं, तरच पुढचं करता येईल. आणि लिहिलं की फुकट संपलं."

"माझ्या छातीत दुखतं," व्हर्लिन म्हणाला. चोरी कबूल करावी तसा आवाज होता.

वायरी लागल्या, कागदावरच्या रेघा बघून बाईंनी तडक रुग्णवाहिका मागवली. पडल्या पडल्या व्हर्लिन विचारात पडला.

"बिल आता लागलंच ना?"

"लागलं."

"आणखी दोन-चार दुखणी सांगितली तर वाढेल?"

"या भेटीचं फारसं नाही."

झालं! व्हर्लिनने तोंड उघडलं. गुडघा, डावा कान, चर्चमधली पाणचट कॉफी, मेहुणा, मेहुण्याचा कुत्रा, एक्क्याण्णव सालचा हिवाळा. चार पिढ्यांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं. बाहेर बसलेल्या लोकांनी आदराने टोप्या काढल्या. ड्युलुथच्या इस्पितळापर्यंतचे नव्वद मैल तो बोलत होता. ऑक्सिजनचा मुखवटा लावला तर त्याच्या आतूनही. रस्त्याच्या कडेचा बर्फ त्या वाफेने वितळला असं म्हणतात, आणि मला ते पटतं.

शेजारी बसलेल्या आर्डिसचे डोळे भरले होते.

"अजून काय दुखतं? सांग, सगळं सांग."

"तू हात फार घट्ट धरलायस," व्हर्लिन म्हणाला.

तिने तो सैल केला नाही.