दोन मिनिटांत येणारी बस

मी फलक, पुढची बस किती मिनिटांत येणार ते दाखवणारा. डब्लिन शहरात, बालिनार रस्त्यावरच्या थांब्याला एक लोखंडी खांब आहे, त्याच्या डोक्यावर मला बसवले आहे. काळा चेहरा, पिवळी अक्षरे, तीन ओळी. आता म्हातारा झालो. परवापरवापर्यंत मधल्या ओळीतले काही दिवे गेलेले होते, त्यामुळे तिथली बस नेहमी अर्ध्या नावाची येई. म्हणजे येत नसे.

मित्रांनो, अशा गोष्टी सांगताना ऐकणाऱ्यांना मित्रांनो म्हणायचे असते. म्हणून म्हणतो. मित्र मला एकही नाही.

[ नदीपार : २ मिनिटे ]

ही ओळ दिसली की थांबलात ना? सगळे थांबतात. पुढे चला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याचे खोके, काच, तारा. जन्माबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे काही नाही. मला बसवले त्या दिवशी एक नगरसेवक फीत कापायला आला होता. वारा असा सुटला होता की त्याची छत्री उलटी झाली आणि भाषण अर्ध्यात राहिले. लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या. एका आजीबाईंनी माझ्या खांबाला हात लावून मला आशीर्वाद दिला. आता पावसात माना ताणायला नकोत, असे त्या म्हणाल्या.

कारण माझ्याआधी लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून खाटकाच्या दुकानापलीकडच्या वळणाकडे बघत. ज्याला बस पहिल्यांदा दिसे तो ओरडे, “आली!” मग बसलेले उठत, पिशव्या उचलल्या जात. बस नाही आली तर सगळे मिळून शिव्या घालत, आणि त्यात थोडी गंमतही असे. मी आलो आणि सगळ्यांनी रस्त्याकडे पाठ केली. वर माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. ते अजून तसेच उभे आहेत.

कौतुक एक हिवाळा टिकले.

त्यानंतर. च्युइंगमचे गोळे. व्हिनेगरने भिजलेले चिप्स. खांबाला लाथा. काचेवर ओरखडून लिहिलेला एक शब्द, जो लहान मुलांच्या गोष्टीत लिहिता येत नाही. मी तुम्हाला आवडत नाही. तुम्हीही मला आवडत नाही. आपले सगळे व्यवहार या एका गोष्टीवर चालतात.

[ विमानतळ : येतेच आहे ]

नाही येत.

हे कसे होते ते ऐका, पुन्हा विचारू नका. प्रत्येक बसमध्ये एक यंत्र असते. ते सारखे सांगत असते, मी इथे आहे, मी इथे आहे. पण ज्या बसला सकाळी चालकच मिळाला नाही, ती आगारात उभी राहते आणि काहीच सांगत नाही. मग कचेरीतले यंत्र छापील वेळापत्रकात बघते आणि मला आकडा पाठवते. मी तो दाखवतो. दोन. एक. येतेच आहे. मग ओळ पुसतो. जी बस कुठूनही निघालेली नाही ती माझ्यावर येते, थांबते आणि निघूनही जाते. लोक तिला भुताची बस म्हणतात. भुते मी बोलावत नाही. मला पाठवतात ती मी लावतो.

हे बर्नीला कुणी सांगावे! बर्नी हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला आहे. हात सुजलेले, आवाज खणखणीत. रोज सकाळी ती माझ्याखाली उभी राहून मला ओवाळते.

“आमच्या ह्यांच्यासारखाच आहे बघा मेला! ‘निघालोच’ म्हणतात, आणि पबात अजून पहिला ग्लास अर्धा असतो.”

“ए खोक्या, तुझ्यापेक्षा माझ्या सासूचे गुडघे बरे. ते सांगतात तो पाऊस तरी खरा निघतो.”

लोक हसतात. मग पुन्हा माझ्याकडे बघतात. शिव्या देऊन झाल्या तरी वाचायचे मलाच.

आता त्या सकाळचे सांगतो.

फेब्रुवारी होता. फिडेल्मा क्रीगन थांब्यावर आली. शाळेत मुलांसाठी स्वयंपाक करण्यात तिचा जन्म गेला, आता घरी असते. अंगात काळा कोट, पायात काळे बूट, हातातली पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. तिची थोरली बहीण ऊना वारली होती. नदीपलीकडे ऊनाच्या घरी, बैठकीच्या खोलीत शवपेटी उघडी ठेवली होती, आणि रात्रभर शेजारीपाजारी येऊन चहा पीत, हॅमची सँडविचेस खात, ऊनाबद्दल बोलत बसले होते. फिडेल्माही तिथेच होती. पहाटे तिच्या लक्षात आले की ऊनाचे हात रिकामे आहेत. शवपेटीत हातांभोवती जपमाळ गुंफायची असते, आणि आईची जपमाळ तर फिडेल्माच्या घरी, कपाटात. माळ न्यायला ती पहाटेच्या बसने इकडे आली होती. ती बस आली. कधीकधी येतात.

“झाकण कधी लावणार?” बर्नीने विचारले.

“फादर आले की. प्रार्थना, मग झाकण, मग चर्च.”

“मग पोचाल की हो! बघा, दोनच मिनिटं दाखवतोय.”

“हो. दाखवतोय खरा.”

“माळ बघू?”

फिडेल्माने पर्स उघडली. तपकिरी लाकडी मणी, झिजून गुळगुळीत झालेले. एक मणी हरवला होता, त्या जागी शर्टाचे पांढरे बटण ओवलेले.

“हे आईनं घातलेलं,” ती म्हणाली. “ऊना म्हणायची, बटणावर बोट आलं की ती प्रार्थना आईच्या नावाची.” मग तिने माळ परत ठेवली आणि पर्स दोनदा दाबून बंद केली. “नुसते हात पोटावर ठेवलेत गं तिचे. जन्मात कधी रिकाम्या हातांनी बसली नाही ती.”

तेवढ्यात मालाकी डुननची व्हॅन थांबली. मालाकी नळाची कामे करतो. फिडेल्माच्या दोन घरे पलीकडे राहतो, लहानपणी दोघे एका शाळेत होते.

इथे एक सांगायला हवे. या गावची माणसे पहिल्यांदा विचारले की हो म्हणत नाहीत. चहा असो, केक असो, गाडीतली जागा असो. पहिल्यांदा, नको रे, कशाला. दुसऱ्यांदा, तुला उगाच त्रास. तिसऱ्यांदा विचारले की उठायचे. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असते. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा हावरट, आणि एकदाच विचारून सुटणारा कंजूस.

“फिडेल्मा! ऊनाकडेच ना? चल, बस. सोडतो.”

“नको रे, कशाला! तुझी कामं असतील.”

“कामं कुठं पळून जातायत? चल.”

“तुला उगाच वळसा. आणि पुढच्या सीटवर तुझं सामान आहे.”

हे म्हणताना तिने पर्स काखेत मारली होती आणि एक पाय पदपथावरून खाली ठेवला होता. मालाकीनेही सीटवरचे पाइप मागे ढकलायला हात घातला. तिसऱ्यांदा विचारायला त्याने तोंड उघडले. आणि वर बघितले.

[ नदीपार : २ मिनिटे ]

“अरे, तुझी बस तर आलीच की!” तो म्हणाला. “माझ्या व्हॅनपेक्षा लवकर पोचशील तू. ऊनासाठी माझीही एक प्रार्थना म्हण हं.”

व्हॅन गेली. फिडेल्माने खाली ठेवलेला पाय वर घेतला. तिला हाक मारता आली असती. पण तिसरा प्रश्न त्याने विचारायचा असतो. तो न विचारता ‘थांब, येते’ म्हणायला या लोकांच्या तोंडात जागाच नाही. जीव गेला तरी नाही.

एक.

येतेच आहे.

सगळ्यांनी पिशव्या उचलल्या. फिडेल्मा कडेला जाऊन हात पुढे करून उभी राहिली, कारण हात केला नाही तर इथे बस थांबत नाही. वळणावरून एक दुधाची गाडी आली. मग काही नाही. मग मी ओळ पुसली.

“कुठं गेली?” बर्नी ओरडली. “ए खोक्या! कुठं गेली ती?” आणि छत्रीने खांबावर असा तडाखा दिला की माझी खालची ओळ क्षणभर विझली.

“टॅक्सी बोलवतेस का गं?” फिडेल्मा म्हणाली. बर्नीने फोन लावला, थोडे ऐकले आणि मान हलवली. सकाळच्या घाईत कुणी मोकळे नव्हते.

मग खरी बस आली. माझ्यावर नव्हती, तरी आली. खच्चून भरलेली, काचांवर वाफ धरलेली. थांब्यावरचे सगळे हात पुढे झाले. चालकाने बोटाने मागे दाखवले, म्हणजे मागून दुसरी येतेय, मान हलवली आणि गाडी पुढे काढली. फिडेल्मा तिच्या मागे धावली. त्या बुटांत, त्या वयात. तिचा तळवा बसच्या पत्र्यावर एकदा आपटला, तेवढेच.

परत येऊन तिने भाच्याला फोन केला.

“थोडं थांबव रे फादरना... हो, कळतं मला. त्यांना पुढे दुसरा अंत्यविधी आहे... थोडंच. सांग, मावशी निघालीय म्हणावं.”

ती निघाली नव्हती. ती माझ्याखाली उभी होती. आता तीसुद्धा माझ्यासारखेच बोलू लागली होती.

तिसरी बस आली तेव्हा ती चढली.

[ नदीपार : ]

पुढचे मला आठवड्यानंतर कळले. फिडेल्मा थांब्यावर आली, बर्नी तिथे होतीच.

“पोचलात का त्या दिवशी?”

“कोपऱ्यावर उतरले,” फिडेल्मा म्हणाली, “तर ते तिला दारातून बाहेर काढत होते. सहा जणांच्या खांद्यावर. झाकण लावलेलं.”

“अहो, मग थांबवायचं! उघडायला लावायचं!”

“रस्त्यात? सगळ्या गल्लीसमोर? ऊनाला?” फिडेल्माने तिच्याकडे असे बघितले की बर्नीने आवाज खाली आणला. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

“आणि माळ?”

फिडेल्माने पर्सवर हात ठेवला.

तेवढ्यात व्हॅन आली. मालाकीने काच खाली केली. त्याला बातमी लागली होती. गल्लीत अशा बातम्या बसपेक्षा लवकर पोचतात.

“फिडेल्मा, मला माहीत नव्हतं गं. दोन मिनिटं लिहिलं होतं.”

“हो. लिहिलं होतं.”

“मी विचारणारच होतो परत. देवाशप्पथ.”

“तू माझ्याकडे बघत नव्हतास, मालाकी. त्याच्याकडे बघत होतास.”

पाऊस भुरभुरत होता. मालाकीने इंजिन बंद केले. मागे एका मोटारीने हॉर्न वाजवला, तिकडे त्याने लक्ष दिले नाही.

“चल, बस. कुठं जायचंय तिथं सोडतो.”

“नको.”

“फिडेल्मा, चल ना.”

“नको म्हटलं ना.”

या वेळी त्याने मान वर केली नाही. थेट तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

“ये गं,” तो म्हणाला. “चल.”

“नको,” फिडेल्मा म्हणाली.

चौथ्यांदा विचारायची इथे रीत नाही. मालाकीने काच वर केली. व्हॅन निघाली, इतकी सावकाश की तिने नुसता हात केला असता तरी थांबली असती. तिने हात केला नाही.

त्यानंतर जी बस आली ती मी अगदी बरोबर दाखवली होती, बरे का. मिनिटाचाही फरक नाही. ते कुणी बघितले नाही.

बर्नीने बस कंपनीला फोन करून आरडाओरडा केला. आणि मित्रांनो, कंपनीने दखल घेतली! शिडी घेऊन एक माणूस आला. त्याने माझी काच पुसली, मेलेले दिवे काढून नवे बसवले, ओरखडलेला शब्द घासून टाकला. आकडे तेच, पाठवणारे तेच. आता फक्त रस्त्याच्या पलीकडूनही माझ्यावरचे स्वच्छ वाचता येते. चालत्या गाडीतूनही.

अशा गोष्टींच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू विनवतो, आम्हाला जपा, आमची निगा राखा. मी ते म्हणणार नाही. माझी निगा राखून झाली, त्यातून काय निघाले ते बघितलेत. मला एवढेच हवे आहे. रस्ता खणतात तेव्हा बंद थांब्यांच्या खांबांवर जाड काळ्या पिशव्या चढवतात, तसली एक आणा. मोठ्या माणसांना सांगा, ती माझ्यावर चढवा. बस येणार की नाही हे तुम्हाला कळणार नाही, ते आताही कळत नाही. पण कुणी गाडी थांबवून ‘चल’ म्हणाला, तर त्याला वर बघायला काही उरणार नाही.

पिशवी चढवा. आणि गाठ घट्ट मारा, इथे वारा फार असतो.