पाळणाघरवालीचा हात

म्हाताऱ्या गृहस्थांनी काउंटरवरचा फोटो उचलला, खिडकीपाशी नेला, चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि निरखून पाहिला. मग फोटो परत आणून ठेवला, पण पालथा.

"ही माझी बायको नाही," ते म्हणाले.

संगणकामागे बसलेल्या ताईंनी पाकिटावरचं नाव पुन्हा वाचलं. "तुमच्याच पाकिटातला आहे हो काका. निळा ड्रेस, अर्ध्या बाह्या. मला आठवतायत ना त्या."

"चेहरा तिचाच आहे. पण हात? हात कुठे गेले तिचे?"

हात कुठे गेले ते सगळ्या जगात एकट्या ताईंनाच ठाऊक होतं.

स्टुडिओत फोटो काढायचे मालक आणि ते साफ करायच्या ताई. साफ करणं म्हणजे आधी पुटकुळ्या आणि सुरकुत्या, मग हनुवटीखालची दुसरी हनुवटी, मग पोट, मग दंड. गिऱ्हाइकं काउंटरवर ओणवून हळूच सांगायची, "ताई, जरा बारीक करा हं." होता होता मालकांनी त्यांचं नावच पाडलं, बारीकताई. आता ताईंचं स्वतःचं अंग असं, की दुकानातल्या फिरत्या खुर्चीने एकदा त्यांच्याखाली मान टाकली होती आणि तेव्हापासून त्या लाकडी खुर्चीवर बसायच्या. हे नाव ऐकून नवीन माणूस हसू दाबायला खोकल्याचं सोंग करायचा. ताई त्याच्याआधी हसून मोकळ्या व्हायच्या. दुसऱ्याने हसायच्या आत आपण हसून घ्यावं, हे त्या शाळेच्या बाकावरच शिकल्या होत्या.

बाकी उपाय सगळे करून झाले होते. उकडलेल्या भाज्या झाल्या, पहाटेचं चालणं झालं, कोणी सांगेल तो पाला झाला. वजनाचा काटा थोडे दिवस खाली यायचा आणि मग व्याजासकट वर चढायचा. शेवटी ताईंनी लांब बाह्यांचे कपडे शिवून घेतले. भर उकाड्यातही मनगटापर्यंत बटण. घरच्या भिंतीवर नवऱ्याचे फोटो होते, मुलीचे होते, ताईंचा एकही नव्हता. हल्ली मुलगीही लांब बाह्या मागू लागली होती, तेव्हा ताईंनी विषय बदलला होता.

"तिने सांगितलं होतं का तुम्हाला बारीक करायला?" काकांनी विचारलं.

"नाही. पण त्या म्हणाल्या होत्या ना..."

ताईंना तो दिवस लख्ख आठवत होता. बाई स्टुलावर बसल्या आणि बसता बसता मालकांना म्हणाल्या, "मावेन ना हो मी यात? नाहीतर दोन तुकड्यांत काढा आणि मागाहून जोडा!" सगळे खो खो हसले. ताईही हसल्या, पण मनात म्हणाल्या, ओळखलं हो बाई मी तुम्हाला. असे विनोद कोण करतं आणि का करतं ते ताईंना कोणी समजवायला नको होतं. माझ्याकडे बघू नका म्हणून हात जोडण्याचा तो एक प्रकार. म्हणून तर बाईंच्या फोटोवर त्या इतरांपेक्षा जास्त वेळ बसल्या. दंड तासले, कोपर नाजूक केलं. कोणी सांगितलं नव्हतं, मायेनं केलं होतं.

"'मावेन ना?' म्हणाली असेल," काका म्हणाले. "अहो, बसमध्ये चढताना कंडक्टरला तेच विचारायची ती. डॉक्टरांना विचारायची. तिला मजा वाटायची त्याची!"

ताईंचा चेहरा उतरला. एखादं माणूस हे नुसतं मजेनं म्हणू शकतं, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

"आमचं पाळणाघर होतं," काका आता काउंटरशी बोलत होते. "बंद करायचं ठरलं तेव्हा पोरांच्या आईबापांनी हट्ट धरला, बाईंचा एक चांगला फोटो काढा म्हणून. नाहीतर ती कुठली बसायला! आणि मग आजारपणच सुरू झालं, त्यातच ती गेली, न्यायचा राहिला. निम्मी गल्ली तिच्या हातावर झोपलीय ताई. काही केल्या न झोपणारं पोर तिच्या दंडाला गाल लावला की गप्प. तेच हात..." त्यांनी पालथ्या फोटोवर बोट टेकवलं. "काठ्या लावल्यात तुम्ही तिला. काठ्या."

मालक आतून बाहेर आले होते. त्यांनी काही न विचारताच सगळं ओळखलं.

"मूळचा असेल ना? आधीचा?" काकांनी त्यांच्याकडे बघून विचारलं.

मालकांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान खाली घातली. महिना संपला की तयार फोटो ठेवायचे आणि मूळचे पुसून टाकायचे, ही स्टुडिओची रीत होती. नाहीतर मशीन तुंबायचं. पुसायचं काम ताईंचंच होतं.

"परवा या काका," ताई कशाबशा म्हणाल्या. "मी करते. त्यांचा हात मी परत आणते."

बोलून गेल्या खऱ्या, पण कसं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका घरातले होते नव्हते ते फोटो डब्यात घालून देऊन गेले. ताईंनी एकेक काढून पाहिला. सगळ्यात पोरंच पोरं. झोक्यावरची, रांगेत बसलेली, रंगात बरबटलेली. बाई प्रत्येक फोटोत होत्या आणि एकातही धड नव्हत्या. कुठे कडेला खांदा, कुठे एप्रनची गाठ, कुठे पडणाऱ्या पोराला सावरायला पुढे आलेला नुसता पंजा.

मग ताईंनी तासलेला दंडच ओढून रुंद केला. तो फुगला. उशीत कापूस कोंबावा तसा दिसायला लागला. छाया दिली, घड्या काढल्या, सगळं करून पाहिलं, पण ते अंग काही अंगासारखं दिसेना. मांडीवर टेकलेला जड हात थोडा पसरतो, कोपरापाशी खळी पडते, काखेशी एक वळी येते, हे सगळं ताईंना पाठ होतं. इतकी वर्षं तेच तर पुसत आल्या होत्या. पुसायचं कसं ते येत होतं, नसलेलं आणायचं कसं ते येत नव्हतं.

कोणाचातरी दुसरा हात मिळतो का म्हणून त्यांनी जुने फोटो उघडले. नवऱ्यामुली, मास्तरीणबाई, नर्स, दुकानदारीण, आज्या. तास दोन तास शोधत राहिल्या. सगळ्यांचे हात सडपातळ होते. सगळ्यांचे ताईंनीच केले होते. अख्ख्या मशीनमध्ये एक जाड हात म्हणून शिल्लक नव्हता.

ताईंनी डोळे चोळले. कीबोर्डवर ठेवलेल्या आपल्याच बाहीकडे त्यांचं लक्ष गेलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. छे छे, काहीतरीच काय! त्या उठल्या, पाणी प्यायल्या, परत येऊन बसल्या. पुन्हा उठल्या.

"मालक, त्या बाईंच्या फोटोला लावले होते तसे लाइट लावता का जरा?"

"कोण आलंय?"

"कोणी नाही. हाताचा फोटो हवाय." ताईंचे कान तापले. "माझ्या."

मालकांनी एकदा संगणकाच्या पडद्यावरच्या उशीसारख्या दंडाकडे पाहिलं, एकदा ताईंकडे. एरवी बारीकताईंवर कोटी केल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. आज त्यांनी मुकाट्याने दुकानाचं दार लोटलं आणि दिव्यांची बटणं लावली.

कपडे बदलायच्या पडद्यामागे जाऊन ताईंनी मनगटाचं बटण सोडलं आणि बाही खांद्यापर्यंत गुंडाळली. ऊन न लागलेला तो दंड चेहऱ्यापेक्षा उजळ होता, कोणा दुसऱ्याचाच असावा असा. तो दुसऱ्या हाताने झाकतच त्या स्टुलापर्यंत गेल्या. लाजेने जीव नकोसा झाला होता. पण काठ्या हा शब्द डोक्यातून जात नव्हता.

"सैल सोडा ताई," कॅमेऱ्यामागून मालक म्हणाले. "चोरून आणल्यासारखा काय धरलाय? तुमचाच आहे ना?"

ताईंना हसू फुटलं. हसता हसता हात मांडीवर पडला आणि आपला आपण पसरला. तेवढ्यात मालकांनी बटण दाबलं.

संगणकाच्या पडद्यावर तो हात हाताएवढा दिसत नव्हता, भिंतीएवढा दिसत होता. ताईंचा माउस सवयीने बारीक करायच्या खुणेवर जाऊन उभा राहिला. त्यांनी तो मागे घेतला. डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी ते येऊ दिलं, आणि मग नाक पुसून कामाला लागल्या. कोपराच्या वर एक आडवी घडी होती. दंडाच्या मागच्या बाजूला चार बारके तीळ होते, ते त्यांनी आजवर कधी पाहिलेच नव्हते. खांद्याला खांदा जुळवला, तोच हात उलटवून दुसऱ्या बाजूलाही बसवला, उजेडाला उजेड जुळवला, निळ्या बाहीची कड नीट बसवली. संध्याकाळ होता होता बाई पुन्हा स्टुलावर भरभक्कम बसल्या. हात चांगला होता. दुसऱ्या बाईच्या खांद्याला लागल्यावर ताईंना ते दिसलं, आणि त्या बघतच राहिल्या.

ठरल्या दिवशी काका आले. चौकटीत बसवलेला फोटो खिडकीपाशी नेला. ताई काउंटर धरून उभ्या होत्या.

"हा तिचा नाही," काका म्हणाले.

ताई काउंटरमागून पुढे आल्या.

"तिला इथे भाजल्याचा डाग होता," काकांनी कोपराच्या बाजूला बोट ठेवलं. "दुधाचं पातेलं उतरवताना."

"मी घालते ना डाग. नक्की कुठे ते सांगा फक्त."

"नको." ते वळले. त्यांची नजर ताईंच्या चेहऱ्यावरून खाली बाह्यांवर आली आणि तिथे थांबली. "कोणाचा आहे?"

थाप मारायला जागा होती. मालकही आतून बघत होते.

"माझा," ताई म्हणाल्या.

काकांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं. अंगठा काचेवरून खांद्यापासून मनगटापर्यंत सावकाश फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा.

"पोरं झोपली असती यावर," ते म्हणाले.

त्यांनी रुमाल काढून काच पुसली, फोटो स्वतःच कागदात गुंडाळला आणि छातीशी धरून पायऱ्या उतरले. निरोप घ्यायचा ते विसरले. ताईंना त्याचं काही वाटलं नाही.

रंग तपासायला काढलेली एक प्रत ताईंच्या पिशवीत राहिली होती. घरी त्या स्वयंपाकाला लागल्या, आणि मुलगी सुट्टे पैसे शोधायला पिशवी उचकायला बसली.

"आई, या कोण?"

"एक बाई. पाळणाघर चालवायच्या. गेल्या आता."

मुलीने फोटो दिव्याखाली धरला. मान तिरकी करून पाहिला.

"मग यांना तुझा हात का लावलाय?"

ताईंचा हात पातेल्यातल्या पातेल्यात थांबला. या हाताबद्दल त्यांनी घरी अवाक्षर काढलं नव्हतं. उघडा दंड तर मुलीसमोर कित्येक वर्षांत आला नव्हता.

"माझा कशावरून?"

"कशावरून काय! मला कळणार नाही होय?" मुलीने कोपराच्या वरच्या आडव्या घडीवर नेमकं बोट ठेवलं. "इथे मी झोपायचे."

आणि फोटो फळीवर उभा करून ती हात धुवायला गेली. जाता जाता ओरडली, भूक लागलीय, वाढ लवकर.