चौकटीला लागलेलं पाणी

वडनेरच्या नाल्याला पूर आला की नाही, हे बंडूजींच्या किराणा दुकानाची चौकट ठरवायची. यात हसण्यासारखं काही नाही. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियमच होता तसा: पाणी त्या सागवानी चौकटीला लागलं, तरच पूर. मग ओल जिथवर चढली तिथं गेरूची रेघ ओढायची आणि बाजूला साल लिहायचं. अशा पाच रेघा होत्या. नवं गिऱ्हाईक आलं की बंडूजी आधी रेघा दाखवत, साखर नंतर देत.

शेवटची रेघ २०१३ची. त्या पुरात गुळाच्या भेल्या विरघळल्या आणि बंडूजींनी कानाला खडा लावला. दुकान पाडलं, तीन फूट उंच जोतं बांधलं आणि जुनी चौकट रेघांसकट त्यावर पुन्हा बसवली. त्यानंतर रेघ ओढायची वेळच आली नाही. नाला सुधारला, असं ते चारचौघांत सांगू लागले.

शेजारच्या सुलोचनाबाई शाळेतून रिटायर झालेल्या, घरात एकट्याच. त्यांच्याकडे २०१८ साली पाणी शिरलं, २०२२ साली तर दिवाण भिजला. दोन्ही वेळा त्या रेघ ओढा म्हणून सांगायला आल्या. बंडूजींनी वाकून पाहिलं, तर चौकट कोरडी ठणठणीत. नियम तो नियम, म्हणाले. बाई परत गेल्या, त्यांचा राग मात्र गेला नाही.

यंदा उन्हाळ्यात, नाल्याला संरक्षक भिंत लागते का ते पाहायला निशांत नावाचा इंजिनिअर आला. गावानं त्याला सरळ चौकटीसमोर नेऊन उभं केलं. त्यानं सालं उतरवून घेतली आणि सांगितलं, की बारा वर्षांत इथं पूरच नाही, तेव्हा भिंत दुसऱ्या गावाला जाईल. बंडूजी मान हलवणारच होते, तेवढ्यात खाली रस्त्यावर उभ्या सुलोचनाबाई बोलल्या. आवाज चढवला नाही.

"बंडूजी, तुमची चौकट वर गेली. माहं घर तेथंच राह्यलं."

बंडूजी ओशाळले. जोतं बांधताना त्यांनी विटांवर विटा चढताना पाहिल्या होत्या, पण चौकट वर चालली म्हणजे नियमही वर चालला, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाईंना दोनदा परत पाठवल्याचं आठवून त्यांना खरोखर लाज वाटली.

ते आत गेले, वाटीत गेरू कालवला, पायऱ्या उतरले आणि रस्त्यावर उकिडवे बसले. पाणी कुठवर होतं ते बाईंना विचारलं. बाईंनी जोत्याच्या सिमेंटवर हात टेकवला, दिवाणाच्या उंचीला. बंडूजींनी तिथं रेघ ओढली.

निशांतनं वही पुन्हा उघडली. हे कोणत्या सालचं, पाणी किती वेळ थांबलं, असं तो बंडूजींना विचारू लागला. आजवर या प्रश्नांची उत्तरं गावात त्यांनीच दिली होती.

"मले नका इचारू," ते म्हणाले. "बाईंले इचारा. पाणी त्याइनं पाह्यलं."