एकोणपन्नास टाचण्या

टाचण्यांच्या कार्डावर दहा-दहाच्या पाच ओळी होत्या आणि चौथ्या ओळीत एक जागा रिकामी होती. वहिनीने एकेकीवर बोट ठेवत पुन्हा मोजल्या. एकोणपन्नास. याच टाचण्या लावून शिवलेलं दुपटं सकाळीच नणंदेकडे पोचलं होतं. आता अकरा वाजले होते, म्हणजे बाळ न्हाऊन त्यावर निजलेलंही असणार.

घरी बसून कपडे आखूड-लांब करून द्यायचे, जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवायच्या, हे तिचं काम. शिवणाच्या दुकानातली भारी हत्यारं तिने कधी घेतली नाहीत. ती सरळ कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे जाई. आखताना कापड सरकू नये म्हणून वर ठेवायला जाडजूड लोखंडी वॉशर, कोपरे काटकोनात यावेत म्हणून सुताराचा गुण्या, टाके सरळ यावेत म्हणून रंगाऱ्याची कागदी टेप, आणि थर एकत्र धरायला स्प्रिंगचे मोठे चिमटे. सांडलेल्या सुया गोळा करायला एक गोल लोहचुंबकही होतं. "काय वहिनी, बंगला बांधताय का?" असं हार्डवेअरवाला दर वेळी विचारी, आणि ती दर वेळी हसे.

नणंद मात्र हसली नव्हती. तिचं बाळ दिवस भरायच्या आधीच झालं आणि अडतीस दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत राहून घरी आलं. "वहिनी, माझ्या बाळाच्या अंगाखाली नटबोल्टच्या दुकानातलं काही नको हं," ती म्हणाली होती. अशा वेळी वाद कोण घालणार? वहिनीने चिमटे खुंटीलाच राहू दिले आणि मोठ्या दुकानात जाऊन खास गंज न धरणाऱ्या, नाजूक टाचण्या आणल्या. आणि नेमकी त्यातलीच एक नाहीशी झाली होती.

तिने मशिनखाली, कपाटामागे, पायपुसण्यावर लोहचुंबक फिरवलं. दोन हूक आणि एक मोडकी सुई निघाली. टाचणी नाही.

"अगं, गेली असेल कुठल्या फटीत," नवरा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला. "तिला आत्ताच सांगू नकोस. आधीच तिचा जीव टांगणीला लागलेला असतो."

"आणि टोचली म्हणजे?"

तिने फोन लावून पाहिला. नणंदेचा फोन बंद होता. घंटीने बाळ दचकतं म्हणून ती तो बंदच ठेवी. वहिनीने लोहचुंबक आणि टाचण्यांचं कार्ड पिशवीत टाकलं आणि पायांत सापडतील त्या चपला घालून ती निघाली. दोन गल्ल्यांचं अंतर, पण आज रस्ता संपता संपेना. चालताना डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, बाळाची मूठभर पाठ.

दार नणंदेच्या नवऱ्याने उघडलं. तो वायरमन. दुपारपाळीचं काम म्हणून तो अजून घरीच होता. आत बाळ दुपट्यावर पालथं निजलं होतं आणि नणंद शेजारी बसली होती.

"आधी पोरीला उचल," वहिनी म्हणाली. तिला धाप लागली होती. "ताई, उचल तिला. एक टाचणी कमी आहे. दुपट्यात राहिली असेल."

बाळाला उचलून, अंगडं वर करून नणंदेने पाठ पाहिली, पोट पाहिलं, मांड्या पाहिल्या. कुठे ओरखडाही नव्हता. मग तिने वहिनीकडे जे पाहिलं, त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

वहिनीने दुपट्यावरून लोहचुंबक फिरवलं. उभं, आडवं, उलटं करून पुन्हा. कुठेच ओढ लागली नाही.

"नाहीये," नंदई म्हणाला. "घरीच पडली असेल, वहिनी. चहा टाकतो."

नणंदेचे खांदे खाली आले. तिने बाळाला पाळण्यात ठेवलं आणि दुपटं पुन्हा गादीवर पसरायला घेतलं. वहिनी पिशवी आवरू लागली. लोहचुंबक आत ठेवताना ते कार्डाला लागलं, आणि तिचा हात थबकला. एकही टाचणी चिकटली नव्हती. तिने एक उपसली आणि लोहचुंबकावर ठेवली. टाचणी घरंगळून खाली पडली. घराच्या किल्लीने खरवडल्यावर चकाकीखालून पिवळा रंग दिसला. पितळ! गंज न धरणारी म्हणजे पितळेची, एवढं तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

एक क्षण तिला वाटलं, गप्प बसावं. सगळ्यांचा जीव आत्ता कुठे भांड्यात पडला होता.

"थांब, घालू नकोस," ती म्हणाली. "हे तपासणं काही खरं नाही. या टाचण्या चुंबकाला लागतच नाहीत."

नणंदेच्या हातातून दुपटं सुटलं. "म्हणजे अजून आत असेल?"

"असेल. नसेलही. मला माहीत नाही गं."

नंदई चहाचं आधण तसंच टाकून आला. कोपऱ्यातल्या अवजारांच्या पेटीतून त्याने भिंतीतली वायर शोधायचं यंत्र काढलं. "हे तांबं-पितळ सगळं पकडतं. पण एवढीशी टाचणी पकडेल का, ते आधी बघू." कार्डावरची एक टाचणी त्याने टॉवेलच्या घडीत घातली आणि वरून यंत्र फिरवलं. टुंई झालं.

"दोघी दोन बाजूंनी हवेत धरा. पलंगाला खिळे आहेत."

त्यांनी दुपटं ताणून धरलं. यंत्र मधून गेलं, कडेने गेलं. पहिली कड गप्प. दुसरी गप्प. तिसऱ्या कोपऱ्यावर, जिथे काठाला लावलेली मगजीची पट्टी दुमडून जाड झाली होती, तिथे यंत्र ओरडलं.

ब्लेडने उसवलं ते नणंदेनेच. टाचणी मगजीच्या घडीत आडवी बसली होती. टोक आतल्या बाजूला, जिथे बाळाचं डोकं यायचं त्या बाजूला. नणंदेने ती चिमटीत धरून बाहेर काढली.

"मी परत घालत होते," ती म्हणाली. "तू बोलली नसतीस तर मी परत घालत होते."

"मी दुसरं शिवून देते. हे टाकून दे."

"टाकायचं कशाला? इथेच बस आणि शीव. माझ्यासमोर."

वहिनी बसली, पण तिला दोरा ओवता येईना. नणंदेने सुई तिच्या हातातून घेतली, दोरा ओवून दिला आणि कोपरा दोन्ही हातांनी दाबून धरला. पाच-सहा टाके झाले.

"मी दिवसातून शंभरदा तिच्या नाकाशी बोट धरते," नणंद एकदम म्हणाली. "सगळे हसतात मला."

"मला नाही हसू येत," वहिनी म्हणाली.

शेवटची गाठ मारल्यावर नंदईने कुणी न सांगता दुपट्यावरून यंत्र आणखी दोनदा फिरवलं. ते गप्प राहिलं. तोवर बाळ जागं झालं आणि तोंड वाकडं करू लागलं. नणंदेने त्याला उचललं आणि छातीशी धरून थोपटलं. दवाखान्यातून आल्यापासून नवऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या हातात तिने ते दिलं नव्हतं.

"हात धुऊन ये," ती वहिनीला म्हणाली. "आणि हिला जरा धर. मला आंघोळ करायचीय."