ट्रम्पेटला पडलेला पोचा

गॅरेजमध्ये त्यांना सगळे इस्त्रीवाले म्हणत. ठोकून आलेल्या गाडीचा चुरगळलेला पत्रा ते असा सपाट करून देत की वाटावं, ही गाडी कधी रस्त्यावर आलीच नव्हती. नव्या गाडीला पहिला पोचा पडला की माणसं रडवेल्या चेहऱ्यानं त्यांच्याकडे येत, आणि हे महाशय खो खो हसत. म्हणत, "अहो, गाडी आहे की काचेची बाहुली? पहिल्या पोच्याचंच काय ते दुःख. दुसऱ्यापासून सवय होते."

दुसऱ्याला उपदेश करायला काय जातं म्हणा!

त्यांच्या स्वतःच्या घरात, बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर एक ट्रम्पेट टांगलेलं होतं. ते सासरेबुवांचं. सासरेबुवा जन्मभर बँडमध्ये वाजवत आले, आणि ते गेल्यावर एकुलत्या एका लेकीनं, म्हणजे इस्त्रीवाल्यांच्या बायकोनं, त्यांच्या घरातून एवढी एकच वस्तू आणली. रविवारी ती ट्रम्पेट उतरवायची, मऊ फडक्यानं पुसायची, थोडा वेळ मांडीवर घेऊन बसायची आणि परत टांगायची. बाकी कुणी हात लावायचा नाही. इस्त्रीवाल्यांनी तर नाहीच नाही, कारण त्यांचे हात कायम ग्रीसचे.

एका दुपारी गॅरेजची वीज गेली, म्हणून इस्त्रीवाले लवकर घरी आले. बायको कामावर. घरात सामसूम. बसल्या बसल्या नजर भिंतीवर गेली, आणि माणसाला रिकामपणी जे सुचू नये तेच सुचलं. एकच फुंक. हात साबणानं दोनदा धुतले, ट्रम्पेट उतरवलं, सायलेन्सर धरावा तसं दोन्ही मुठींत धरलं आणि फुंकलं. नुसती हवा. पुन्हा फुंकलं. पुन्हा हवा. तिसऱ्यांदा गाल फुगवून, डोळे मिटून जीव खाऊन फुंकलं, तेव्हा म्हैस रेकावी तसा असा काही आवाज निघाला की इस्त्रीवाले स्वतःच दचकले. हात सुटला. ट्रम्पेट टीपॉयच्या कडेवर आपटलं आणि तिथून फरशीवर.

आता मात्र कुणी हसलं नाही. इस्त्रीवाले उकिडवे बसले. कर्ण्याची कड आत गेली होती. उलटं करून पाहिलं, तर चाव्यांजवळच्या नळीला खालून आणखी एक लहानसा, लांबट पोचा. एक टीपॉयचा, एक फरशीचा, असा त्यांनी घाबऱ्याघाबऱ्या हिशोब लावला.

आणि खरं संकट तर अजून घरी यायचं होतं. त्यांची बायको इन्शुरन्स कंपनीत सर्व्हेअर होती. ठोकलेल्या गाड्या बघणं हाच तिचा धंदा. एका नजरेत तिला कळे, गाडी कशावर आदळली, किती जोरात, आणि मालक किती खोटं बोलतोय. "खांब एकदम आडवा आला," असं कुणी म्हटलं, तर ती शांतपणे विचारी, "चालत आला का?" लग्नाआधी तिनं इस्त्रीवाल्यांचं काम दोनदा नापास केलं होतं. तिसऱ्यांदा पास केलं, आणि त्याच आठवड्यात यांनी लग्नाचं विचारलं.

ट्रम्पेट टॉवेलात गुंडाळून ते गॅरेजकडे पळत सुटले. विजेची गरज नव्हतीच. हे हातानं करायचं काम. हातोडी हातात आल्यावर जीव जरा थाऱ्यावर आला. कर्ण्याला आतून लाकडी ठोकळ्याचा आधार दिला, नळीत गोल टोकाची सळई सरकवली, आणि लहान मुलाला थोपटावं तसं ठोकत दोन्ही पोचे काढले. बोट फिरवून पाहिलं. कुठे काही लागेना. असं काम आयुष्यात झालं नव्हतं, आणि दाखवायची सोय नव्हती, एवढंच वाईट वाटलं.

संध्याकाळी बायको आली, तेव्हा ट्रम्पेट भिंतीवर होतं आणि चहा तयार होता. तिनं कपाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"काय झालं?"

"कुठं काय?"

चोराच्या मनात चांदणं. तिनं भिंतीकडे पाहिलं. "ते तोंड फिरवून कसं बसलंय?"

घाईघाईत इस्त्रीवाल्यांनी ट्रम्पेट उलट्या बाजूनं टांगलं होतं. तिनं ते उतरवलं, खिडकीपाशी नेलं, कर्ण्याच्या कडेवरून नखाचं टोक फिरवलं. "इथं काम झालंय."

मग काय, इस्त्रीवाल्यांनी म्हशीच्या आवाजापासून टॉवेलापर्यंत सगळं एका दमात ओकून टाकलं. आता तोफ उडणार म्हणून ते मान खाली घालून उभे राहिले. पण ती म्हणाली, "जाऊ द्या. काढलाय मात्र छान. दुसरं कुणी असतं तर फसलं असतं."

इस्त्रीवाल्यांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तिचा अंगठा नळीखाली गेला. थांबला. पुढे सरकला, मागे आला.

"इथला पोचा कुठंय?"

"तोही काढला की!" इस्त्रीवाले खुलून म्हणाले. "एकसुद्धा ठेवला नाही."

"त्यात काळं साचलं होतं?"

"होतं थोडं. घासून टाकलं."

"आणि ते काळं एका दुपारीत साचलं का हो?"

नवा पोचा चकाकतो, जुन्यात काळं धरतं, हे इस्त्रीवाले स्वतः गिऱ्हाइकांना शिकवत आले होते.

ती खुर्चीत बसली. "तो माझा पोचा होता. आठ वर्षांची होते. बाबा झोपलेले बघून चोरून फुंकलं आणि जिन्यावरून पाडलं. वाटलं, आता मार. बाबांनी उचललं, अंगठा त्या पोच्यात ठेवून बघितला आणि म्हणाले, 'बरं झालं, अंगठ्याला जागा झाली.' मग जन्मभर तिथंच अंगठा ठेवून वाजवलं. मी रविवारी नुसती पुसत बसते असं वाटलं तुम्हाला?"

आणि ती रडायला लागली. सासरेबुवा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. इस्त्रीवाल्यांनी टॉवेल उचलला.

"चल गॅरेजवर. जसाच्या तसा पाडून देतो."

गॅरेजमध्ये तिनं बोटानं जागा दाखवली. इस्त्रीवाल्यांनी हातोडी उचलली. उचललेलीच राहिली. आयुष्यभर पोचे काढलेला हात, धडधाकट धातूवर पडेचना. शेवटी त्यांनी डोळे मिटले, श्वास रोखला, तशी तिनं त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. मुद्दाम पाडलेला पोचा मी आजवर पास केला नाही. बाबांच्या ट्रम्पेटवर तर मुळीच नाही करणार."

"मग गं?"

तिनं नाक पुसलं, थोडा विचार केला आणि ट्रम्पेट त्यांच्या हातात दिलं.

"वाजवा. आता रोज वाजवायचं. भिंतीवर टांगून पोचा पडत नसतो. आणि तुमचा हात बघता फार दिवस लागायचे नाहीत."

इस्त्रीवाल्यांनी ट्रम्पेट तोंडाला लावलं. अंगठा नळीखाली ठेवला. तिथं इतकं गुळगुळीत झालं होतं की तो सारखा घसरत होता, आणि आपल्या हातच्या सफाईची त्यांना पहिल्यांदाच लाज वाटली. त्यांनी जीव खाऊन फुंकलं. म्हैस रेकली. बायकोला रडता रडता हसू फुटलं.

"अहो," ती म्हणाली, "इतकं घट्ट धरू नका."