राखी नर, तांबूस मादी

राजूरच्या डोंगरातून आणलेल्या एकाच तांबूस मादीनं नीलांबरीच्या पेटीत अंडी घातली होती. त्या अंड्यांचे पतंग आज सकाळी कोषांतून बाहेर आले होते, अर्धे तांबूस, अर्धे राखी.

संगमनेरच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर. विभागप्रमुख शामकांत सरांनी राखी पतंग गेल्या वर्षी, सत्तर साली, नवी जात म्हणून जाहीर केला होता. तांबूस पतंग ही आणखी एक जात, असा त्यांचा लेख छापायला गेला होता. तिला त्यांनी पुष्पावतीचं नाव दिलं होतं. पुष्पावती त्यांची मुलगी, नवव्या वर्षी विषमज्वरानं गेलेली.

नीलांबरीनं भिंग घेतलं. राखी सगळ्यांच्या मिशा पिसासारख्या, म्हणजे नर. तांबूस सगळ्या माद्या. सरांच्या टाचलेल्या पतंगांच्या जुन्या पेट्याही तिनं काढून पाहिल्या. तिथंही तेच.

अळ्यांसाठी राजूरहून हिरड्याचा पाला आणून देणारी कडूबाई डोकावली. "बाई, ह्ये तर जोडपं हाय. आमच्याकडं झाडावर असंच बसलेलं असतंय."

"आधी का नाही सांगितलंस?"

"कुनी इचारलंच न्हाई."

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मानही वर केली नाही. "अंडी मिसळली असतील. पुन्हा करा."

तिनं पुन्हा केलं. पाच माद्या, पाच पेट्या, झाकणांवर चिकटपट्ट्या. त्या दोन महिन्यांत तिला जेवण गोड लागलं नाही. एकदा तर वाटलं, पेट्या ओढ्यात टाकून द्याव्यात; कोण विचारणार आहे? पण पाला बदलायचं तिनं चुकवलं नाही.

पाचही पेट्यांत दोन्ही रंग निघाले. तिनं त्या सरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. त्यांनी एकेक पतंग भिंगाखाली धरला. तास उलटला.

"सर, त्या एका जातीलाच पुष्पावतीचं नाव देता येणार नाही का?"

"नाही. आधी छापलेलं नाव राहतं. नियम मीच तुम्हाला शिकवला."

त्यांनी संपादकांना लेख मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं आणि तिच्या हाती दिलं. "तुम्हीच टाका. माझ्यानं होणार नाही."

तिनं पत्र पोस्टात टाकलं. त्यानंतर सर तास घेत, पण पतंगांच्या खोलीत आले नाहीत. तिच्याशी कामापुरतं बोलत. आपण खरं तेच केलं, हे तिला ठाऊक होतं. तरी व्हरांड्यात ते समोरून आले की तिची मान खाली जाई.